चौकोनी तोंड, गोल शेपूट

मांडव्याहून अलिबागेकडे निघालात की हल्ली रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळींच्या बरोबरीने उपाहारगृहे उभी दिसतात. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट माणसे नेणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४ साली शिवडीहून न्हाव्याकडे अटल सेतू झाला, आणि जुन्या माणसांचा कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड, मुंबईकरांना सुरमई खाण्यापुरता शेजारी वाटू लागला. आपण समोरून आत शिरतो, पंख्याखालचे टेबल धरतो आणि सोलकढी मागवतो. माझी वाचकांना विनंती आहे, एकदा मागच्या बाजूला जाऊन पाहावे. स्वयंपाकघराच्या भिंतीतून पत्र्याचे एक धूड बाहेर आलेले असते. आत शेगड्यांवर ते चौकोनी असते, कारण शेगड्यांची रांग चौकोनी. बाहेर पंख्यापाशी ते गोल होते, कारण पंखा गोल फिरतो. त्याला चौकोनात फिरायला अजून कोणी शिकवलेले नाही. या दोहोंच्या मध्ये हातभर लांबीचा एक तुकडा असतो. त्याचे एक तोंड चौकोनी आणि दुसरे गोल.

संपादकांनी या अंकासाठी फराळावर काहीतरी लिहा म्हणून सुचवले होते. फराळावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या तुकड्यावर लिहिणार आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचे सासर पोयनाडचे. तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा, तेथे पत्रेकामाचा छोटासा कारखाना आहे. तात्यांनी आता पंचाहत्तरीला हात लावला आहे. थळचा खताचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा ते एका ठेकेदाराकडे नळांवर पत्र्याची वेष्टणे चढवण्याच्या कामावर होते. १९८५ साली तो कारखाना सुरू झाला, ठेकेदार पुढच्या गावाला गेला, आणि तात्यांनी घराच्या मागच्या पडवीत स्वतःचे दुकान मांडले. हवा वाहून नेणारे पत्र्याचे नळ हा त्यांचा व्यवसाय. त्याला सगळे ‘डक्ट’ म्हणतात आणि आपणही तेच म्हणू. सरळ डक्ट कोणीही करील. चौकोनातून गोलात जाणारा तुकडा, ज्याला कारखान्यात ‘स्क्वेअर टू राउंड’ म्हणतात, तो करणारा खरा मिस्त्री. असे मत तात्यांचे.

माझ्या शिवणाच्या वर्गात पहिली दोन वर्षे मी बाही या एकाच विषयावर रडत होते, म्हणून मला या कामाची गोडी चटकन लागली. बाहीचे कापड टेबलावर सपाट पसरले की तिचा आकार बाहीसारखा मुळीच दिसत नाही. वरची बाजू टेकडीसारखी उगवते आणि मग उतरते. हा आकार असाच का, हे ती मुंढ्यात बसेपर्यंत पटत नाही. तात्यांच्या तुकड्याचेही तेच. सपाट पत्र्यावर तो उघडलेल्या जपानी पंख्यासारखा दिसतो, कडा मात्र ठिकठिकाणी मोडलेल्या. फरक एवढाच की कापड माफ करते. ते थोडे ताणून, थोडी चूण घालून वेळ मारून नेता येते. पत्रा माफ करीत नाही. आणि चोवीस गेजचा, म्हणजे ०.६३ मिलिमीटर जाडीचा, ८ फूट बाय ४ फुटांचा एक पत्रा सुमारे १५ किलो भरतो. तो चुकीचा कापला, तर त्याची झबलीही होत नाहीत.

तात्यांची रीत अशी. कारखान्याच्या मधोमध गुळगुळीत सिमेंटची जमीन आहे, चांगली दहा फूट लांब. तिच्यावर गुडघे टेकून ते खडूने तुकड्याचे चित्र खऱ्या मापाने काढतात. समजा, चौकोनी तोंड ६०० बाय ४५० मिलिमीटर, गोल तोंडाचा व्यास ४००, उंची ३००. वरून पाहिल्यास चौकोनाच्या आत वर्तुळ दिसेल. वर्तुळाचे बारा भाग करायचे, घड्याळासारखे. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यातून त्याच्या वाट्याच्या चार बिंदूंना रेषा जोडायच्या. चार कोपरे, सोळा रेषा. झाला पत्रा त्रिकोणांत वाटून.

पण या रेषांची लांबी चित्रात दिसते तेवढी नसते. घराच्या नकाशात जिना पाहा. कागदावर तो बोटभर असतो, पण त्याची खरी लांबी गुडघ्यांना ठाऊक असते. तसेच येथे. कोपऱ्यापासून वर्तुळावरच्या पहिल्या बिंदूपर्यंत वरून मोजले तर २४६ मिलिमीटर भरतात. पण ती रेषा ३०० मिलिमीटर चढतेही आहे. तेव्हा तात्या गुण्या घेऊन काटकोन काढतात, एका बाजूवर २४६ आणि दुसरीवर ३०० घेतात आणि कर्ण मोजतात: ३८८. शाळेत आपण सर्वांनी घोकलेला पायथागोरस पोयनाडला असा रोज कामाला येतो. मग ही खरी लांबी कंपासात घेऊन पत्र्यावर एक त्रिकोण, त्याला चिकटून दुसरा, दुसऱ्याला चिकटून तिसरा. विणकामासारखेच. एक टाका सुटला, तर पुढची सगळी ओळ तिरकी जाते. शेवटी सांध्यासाठी दुमड सोडायची, आणि मग कात्री. असा एक तुकडा आखायला तात्यांची अर्धी सकाळ जाते. तुकडा एका बाजूला सरकलेला असला, म्हणजे गोल तोंड चौकोनाच्या मध्यावर नसून भिंत चुकवण्यासाठी कडेला ओढलेले असले, तर रेषा आणखी निरनिराळ्या होतात आणि दुपारचे जेवणही लांबते.

माझा भाचा पदविका घेऊन आला, आणि त्याच्याबरोबर संगणक आला. हे काम करणारे प्रोग्राम बाजारात पुष्कळ आहेत. भाच्याने त्यातला एक घेतला. पडद्यावर रकाने असतात. लांबी लिहा, रुंदी लिहा, व्यास लिहा, उंची लिहा. गोल तोंड किती सरकले आहे ते लिहा, पत्र्याची जाडी, सांध्याची जागा, दुमडीला किती सोडायचे ते लिहा. शेवटचा रकाना असतो वर्तुळाच्या भागांचा. एक कळ दाबली की तो उघडलेला पंखा पडद्यावर हजर. बहिणीने चहाचे आधण ठेवले होते, त्याला उकळी येण्याच्या आत भाच्याने मला तीन तुकडे करून दाखवले. एवढेच नव्हे, तर एकाच पत्र्यावर ते तिन्ही कसे फिरवून, उलटसुलट ठेवून बसवावे, म्हणजे कमीत कमी पत्रा वाया जाईल, हेही त्याने दाखवले. मीटरभर खणात चोळी आणि तिच्या बाह्या बसवताना आपण जी कसरत करतो, तीच ही कसरत. मला थोडा हेवा वाटला, हे लपवत नाही.

गंमत म्हणजे या हुशार यंत्रालाही एक गोष्ट येत नाही. सपाट पत्र्यातून नळ करता येतो, शंकू करता येतो, हा चौकोन-गोलाचा तुकडा करता येतो. पण पेणला आपल्या गणपतीची मूर्ती घडते, तिचे पोट सपाट पत्रा नुसता वाकवून होणार नाही. ते शाडूत दाबावे लागते, किंवा तांबटाने ठोकून पत्रा ताणावा लागतो. असे का, याचे पक्के उत्तर गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली दिले. सगळीकडून फुगलेला पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट होतच नाही. म्हणून कारखान्यांच्या छपरांवर वाऱ्याने गरगरणारे जे घुमट दिसतात, ते पात्या-पात्यांचे असतात, आणि पत्र्याचा गोल हवा असेल तर त्याच्या फाकी कापाव्या लागतात. आपल्या भास्कराचार्यांनीही गोलाचे पृष्ठफळ समजावून सांगताना त्याच्या अशाच फाकी पाडल्या होत्या, आणि उपमा आवळ्याची दिली होती. तुळशीच्या लग्नात यंदा आवळा हातात आला की त्याच्यावरच्या रेघा पाहाव्यात.

आता घरातली गोष्ट. भाच्याला आता पत्रा कापणारे यंत्रही घ्यायचे आहे. संगणकावरची आकृती थेट त्याच्याकडे जाते, आणि आगीची एक बारीक धार पत्र्यावरून फिरून तुकडा कापून देते. बँकेने कर्ज मंजूर केले. अडचण जागेची निघाली. अख्खा पत्रा मावेल एवढे ते टेबल ठेवायला कारखान्यात एकच जागा होती, आणि ती म्हणजे तात्यांची आखणीची जमीन.

दोन महिने या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. कोकणातल्या घरात मोठ्याने न बोलणे म्हणजे काय, ते जाणकारांना सांगायला नको. तात्या जेवून उठत आणि “माझं काय, मी ओट्यावर बसेन” एवढेच म्हणत. भाचा म्हणे, “आजोबा, तुम्हाला बसवतंय कोण?” माझी बहीण दोघांनाही वाढत असे, आणि रात्री मला फोन करीत असे.

मी काही दिवस राहायला गेले होते, त्याच सुमारास ती चौदा मिलिमीटरची गोष्ट निघाली. कारखान्यात आय.टी.आय. झालेले दोन मुलगे कामाला आहेत. त्यांतल्या एकाला तात्या हाताने आखणी शिकवत होते. वर्तुळाचे बारा भाग झाले, मुलाने कंपासात एक भाग घेतला, तशी तात्या म्हणाले, “आता त्याचं तोंड सुईएवढं उघड.” मुलाने विचारले, का? तात्या म्हणाले, “नाही उघडलंस तर पंख्यावर चढणार नाही.” का चढणार नाही, ते तात्यांना सांगता येईना. त्यांच्या उस्तादाने त्यांना सांगितले होते, आणि उस्तादाचे सांगणे चाळीस वर्षे खोटे ठरले नव्हते.

भाचा संगणकापाशी होता. तो काही बोलला नाही. त्याने त्या शेवटच्या रकान्यात, जेथे तो नेहमी ९६ लिहीत असे, १२ लिहिले, आणि परीघ मोजला. १२४२ मिलिमीटर. पुन्हा ९६ लिहिले. १२५६. चौदा मिलिमीटरांचा फरक. बारा भागांनी वर्तुळ होत नाही, बारा बाजूंची आकृती होते. कंपासाचे पाय कमानीवरून चालत नाहीत, सरळ उडी मारतात, आणि प्रत्येक उडीत थोडे अंतर वाचवतात. भाच्याने बाराने भागून पाहिले: प्रत्येक भागाला १.१७ मिलिमीटर. मग तो उठला, तात्यांच्या पेटीतून त्यांची पत्र्यावर रेघ ओढण्याची जाड सुई घेतली, आणि तिची जाडी मोजली. ती किती भरली ते त्याने मला सांगितले नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी तो आजोबांच्या शेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसलेला मी पाहिला.

मला मात्र त्या बारावरून नांदगाव आठवले. अलिबागेहून मुरुडकडे जाताना समुद्रकाठी नांदगाव लागते. सिद्धिविनायकाच्या दर्शनाला पुष्कळ जण तेथे उतरतात. तेथे पाचशे वर्षांपूर्वी गणेश दैवज्ञ राहत होते. १५२० सालचा त्यांचा ‘ग्रहलाघव’ ग्रंथ आपल्या पंचांगकर्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला. माझे माहेर पंचांगवाल्यांचे, म्हणून हे नाव आमच्याकडे देवासारखे घेतले जाई. याच गणेश दैवज्ञांनी १५४५ साली भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली. लीलावतीत परीघ काढण्यासाठी व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागावे, असे सांगितले आहे. हे आकडे आले कुठून, तर गणेश दैवज्ञ समजावून सांगतात: वर्तुळात षट्कोन घाला, त्याची बाजू त्रिज्येइतकीच असते. त्यावरून बारा बाजूंची आकृती काढा, मग चोवीस, मग अठ्ठेचाळीस, शहाण्णव, एकशे ब्याण्णव, आणि शेवटी तीनशे चौऱ्याऐंशी. प्रत्येक पायरीला पुन्हा पायथागोरसाचाच नियम, पुन्हा वर्गमूळ. भाच्याचा संगणक त्या रकान्यातला आकडा वाढवला की जे करतो, ते हेच. तात्यांची सुई तीच उणीव एका झटक्यात भरून काढते.

हे सगळे मी जेवताना सांगितले. तात्यांनी भात कालवता कालवता विचारले, “तीनशे चौऱ्याऐंशी भागांत किती कमी पडतं?” भाच्याने हिशेब केला. चारशेच्या व्यासाला मिलिमीटरचा सत्तरावा हिस्सासुद्धा नाही. “मग सुई नको,” तात्या म्हणाले, आणि ताक मागितले.

संगणकाची बाजू मी घेतली, असे कोणाला वाटेल. घेतलीच आहे. आकडेमोडीत माणसाने त्याच्याशी स्पर्धा करू नये. पण त्याच आठवड्यात दुसरीही गोष्ट घडली. एका उपाहारगृहासाठी उजवीकडे सरकलेला तुकडा हवा होता. आकृती बिनचूक होती, पत्रा बिनचूक कापला गेला. वाकवताना मुलाने रेघांची बाजू आत घ्यायची ती बाहेर घेतली. तुकडा सुंदर झाला, आणि डावीकडे सरकला. शिवणाच्या वर्गात ज्यांनी दोन्ही डाव्या बाह्या शिवल्या असतील, त्यांना याचे दुःख कळेल. संगणकाने आपले काम चोख केले होते. आपण काढलेली आकृती पत्र्याच्या आतून पाहायची की बाहेरून, हे त्याने एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेही होते. ते वाचायचे असते, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते, कारण असा तुकडा त्याने स्वतः कधी मनात उलगडून पाहिलेलाच नव्हता. तात्यांच्या हातून असे होत नाही. सरकलेला तुकडा आला की ते आधी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून त्याची एकदशांश मापाची प्रतिकृती कापतात आणि खिशात घालून कामाच्या जागी भिंतीपाशी धरून पाहतात.

भाच्याने पूर्वी या पुठ्ठ्यांची थट्टा केली होती. आता तो प्रत्येक आकृती आधी लहान करून जाड कागदावर छापतो आणि त्या मुलांकडून दुमडून घेतो. माझ्या धाकटीने त्यांतले चार उचलून आणले, एकमेकांना जोडले आणि आत दिवा सोडला. यंदा आमच्या गॅलरीत लागलेला कंदील पोयनाडच्या कारखान्याची निर्मिती आहे.

२०२० च्या जूनची आठवणही बहिणीने मला करून दिली. ३ तारखेला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग, सगळीकडची छपरे उडाली, आणि कित्येक गावांत त्यानंतर बरेच दिवस वीज नव्हती. पावसाळा तोंडावर. लोक पन्हळी आणि कौलांवरचे कोनपत्रे मागायला दारात उभे. त्या दिवसांत संगणक कापडात गुंडाळून कपाटात होता, आणि तात्या पहाटेच्या उजेडात जमिनीवर खडू घेऊन बसत. भाचा तेव्हा शिकत होता. तो कात्री चालवायचा. कोकणातली वीज ही पाहुण्यासारखी असते, हे मुंबईच्या वाचकांना एरवी पटत नाही.

जागेचा प्रश्न शेवटी बहिणीने सोडवला. तिने सासऱ्यांना विचारले नाही की मुलाला. पडवीला लागून तिची लाकडे आणि गोवऱ्या ठेवायची जागा होती, ती तिने रिकामी केली आणि गवंडी बोलावला. यंत्र तिकडे बसेल. जमीन राहिली. तिचा अर्धा भाग मात्र भाच्याने पत्र्याच्या थप्प्यांसाठी मागून घेतला, आणि तात्यांनी तो दिला. आखायला आता आपल्याला एवढी जागा लागत नाही, असे म्हणाले.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा झाली. कात्र्या, मोगऱ्या, गुण्या, कंपास आणि त्यांच्या शेजारी झेंडूची माळ घातलेला संगणक. हळदकुंकू त्याच्या कळांवर सांडू नये म्हणून बहिणीने त्याच्यावर आधी प्लॅस्टिकचा कागद टाकला होता.

यंत्र पाडव्याला येणार आहे. मुहूर्ताचा पहिला तुकडा कोणता कापायचा, ते तात्यांनीच ठरवले आहे. ६०० बाय ४५० चे चौकोनी तोंड, ४०० चा गोल, उजवीकडे सरकलेला. भाच्याने आकृती तयार केली, सगळे रकाने भरले आणि शेवटच्या रकान्याशी थांबून विचारले, “आजोबा, भाग किती घेऊ?”

“तीनशे चौऱ्याऐंशी,” तात्या म्हणाले.